अमेरिकेतील चार महिने आणि आमचा प्रवास विमा: एका पॉलिसीचे परीक्षण

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी आणि पत्नी न्यू जर्सीला मुलीकडे गेलो आणि ऑगस्टच्या सुरुवातीला नाशिकला परतलो. या मुक्कामासाठी आम्ही एका खासगी भारतीय विमा कंपनीची परदेश प्रवास पॉलिसी घेतली होती. माझे वय ६७, पत्नीचे ६३, प्रत्येकी १,००,००० डॉलरचे वैद्यकीय संरक्षण आणि दोघांचा मिळून हप्ता सुमारे ४८,००० रुपये. चार महिन्यांत या पॉलिसीचा आधार दोनदा घ्यावा लागला, एकदा उशिरा आलेल्या बॅगेसाठी आणि एकदा पत्नीच्या अपघातासाठी. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण जी कलमे आम्हांला नडली ती थोड्याफार फरकाने बहुतेक कंपन्यांच्या पॉलिसींत असतात, आणि जे मी सांगणार आहे ते त्या कलमांविषयी आहे.

पॉलिसी घेतानाच पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी की, पहिल्या पानावरचा मोठा आकडा फार थोडे सांगतो. आम्हांला आधी दाखवलेली योजना बरीच स्वस्त होती आणि तिच्यावरही १,००,००० डॉलर असेच छापलेले होते. परंतु आतल्या तक्त्यात ६० वर्षांवरील व्यक्तींसाठी खोलीचे रोजचे भाडे, शस्त्रक्रियेचे शुल्क, तपासण्या, रुग्णवाहिका अशा प्रत्येक बाबीला स्वतंत्र मर्यादा घातलेली होती, आणि त्या मर्यादा अमेरिकेतील रुग्णालयांच्या दरांसमोर अगदीच तोकड्या होत्या. एकूण रक्कम कितीही मोठी असली तरी प्रत्येक बाबीची मर्यादा छोटी असेल, तर त्या एकूण रकमेपर्यंत पोहोचण्याची वेळच येत नाही. म्हणून आम्ही अशा उपमर्यादा नसलेली योजना घेतली आणि जास्तीचा हप्ता भरला. हा निर्णय पुढे योग्य ठरला.

दुसरी गोष्ट प्रस्ताव अर्जाची. पत्नीला आठ वर्षांपासून रक्तदाबाची गोळी सुरू आहे, हे मी अर्जात लिहू लागलो तेव्हा विमा प्रतिनिधी म्हणाला, “काका, तेवढं लिहू नका, उगाच हप्ता वाढतो आणि कागद वरपर्यंत जातो.” तो वाईट मनाने बोलत नव्हता, रोजच्या सवयीने बोलत होता. मी तरीही लिहिले. विम्याचा करार विमा घेणाऱ्याने खरी माहिती दिली आहे या गृहीतावरच उभा असतो, आणि लपवलेला आजार दाव्याच्या वेळी उघडकीस आला तर कंपनीला संपूर्ण दावा नाकारण्याचे कारण आपण स्वतःच्या हाताने दिलेले असते. पत्नीच्या अर्जातील ती एक ओळ पुढे आमच्या फार उपयोगी पडली, ते खाली सांगतो.

जाताना आखातातील विमानतळावर विमान बदलावे लागले आणि न्यूअर्कला उतरलो तेव्हा दोनपैकी एक बॅग आली नव्हती. अशा वेळी थकलेला माणूस घरी जाण्याची घाई करतो, पण बॅगेच्या पट्ट्याजवळच असलेल्या विमान कंपनीच्या खिडकीवरून लेखी नोंद घेतल्याशिवाय विमानतळ सोडू नये. त्या कागदाला तेथे पीआयआर म्हणतात आणि तो नसेल तर विमा कंपनी पुढचे काही ऐकूनच घेत नाही. आमच्या पॉलिसीत बारा तासांपेक्षा जास्त उशीर झाल्यास १०० डॉलरपर्यंतची गरजेची खरेदी भरून मिळत होती. बॅग ३१ तासांनी आली. मधल्या वेळात घेतलेले कपडे, चपला आणि दाढीचे सामान मिळून ८३ डॉलर झाले, पावत्या जपून ठेवल्या होत्या, आणि अर्ज केल्यापासून १९ दिवसांत पैसे खात्यात जमा झाले. या बाबतीत तक्रारीला जागा नाही. एवढे मात्र सांगतो की, परतीच्या प्रवासात भारतात बॅग उशिरा आली तर आमच्या पॉलिसीत त्याचे काहीही मिळत नव्हते. तसेच विमा असो वा नसो, १९९९ च्या माँट्रियल करारानुसार विमान कंपनीची स्वतःची जबाबदारी असतेच. बॅग उशिरा आली तर ती हातात पडल्यापासून २१ दिवसांत आणि मोडली असेल तर ७ दिवसांत विमान कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते.

आता अपघाताकडे येतो, कारण या पॉलिसीची खरी परीक्षा तेथे झाली.

जूनमध्ये एका संध्याकाळी अचानक पाऊस आला. मुलीच्या घरामागे लाकडी डेक आहे आणि त्याच्या पायऱ्यांवर पत्नीने तुळशीची कुंडी ठेवली होती. ती आत आणायला गेली असताना ओल्या पायरीवरून तिचा पाय घसरला, डोके कठड्याला लागले आणि डाव्या मनगटावर सगळा भार आला. पाचच मिनिटांत मनगट सुजून बांगडी रुतू लागली. मुलीने आधी साबणाचे पाणी लावून बांगडी काढली आणि मग पॉलिसीवरच्या चोवीस तास चालणाऱ्या मदत क्रमांकावर फोन लावला. हा क्रमांक विमा कंपनीने नेमलेल्या परदेशी साहाय्य संस्थेचा असतो. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतले, डोक्याला मार लागला आहे म्हटल्यावर जवळच्या अर्जंट केअर केंद्रात, म्हणजे किरकोळ दुखण्यांसाठीच्या दवाखान्यात, न जाता थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जायला सांगितले आणि दाव्याचा क्रमांक दिला. तो क्रमांक मुलीने घाईत विजेच्या बिलाच्या पाठीवर लिहिला. पुढचे चार महिने आमचा सगळा पत्रव्यवहार त्याच क्रमांकाने झाला. या फोनसेवेला मी पाचपैकी पाच गुण देईन.

आपत्कालीन विभागात कोणीही आधी पैशांविषयी विचारले नाही. १९८६ पासून तेथे असा कायदा आहे की, आपत्कालीन विभागात आलेल्या माणसाची तपासणी करून त्याला स्थिर करणे रुग्णालयाला बंधनकारक आहे, त्याच्याकडे पैसे असोत वा नसोत. चाकांच्या टेबलावर संगणक ठेवून नोंदणीवाली मुलगी आली ती तासाभराने, तोवर क्ष-किरण चित्र निघाले होते. परंतु कायदा उपचाराची हमी देतो, बिलातून सुटका करत नाही, ते बिल मागाहून येतेच.

तेथे जे घडले ते प्रत्येक मराठी आईवडिलांनी आणि त्यांच्या मुलांनी नीट वाचावे असे मला मनापासून वाटते. आत गेल्यावर परिचारिकेने विचारले की काय झाले. पत्नी कण्हत म्हणाली, “पाय घसरला, पडले, मग गरगरलं.” मुलगी घाबरलेली होती आणि तिने इंग्रजीत सांगितले ते असे की, आईला गरगरले आणि ती पडली. दोन क्रियापदांचा क्रम उलटला. परिचारिकेने पुढचा प्रश्न विचारला, काही जुना आजार आहे का, आणि मुलीने खरे ते सांगितले की रक्तदाब आहे. नोंदीत उतरले ते असे: ‘भोवळ येऊन पडल्या, उच्च रक्तदाबाचा पूर्वेतिहास.’ त्या वेळी आमच्यापैकी कोणाचेही तिकडे लक्ष गेले नाही. मनगटाचे हाड मोडले होते, ते बसवून प्लास्टर घातले, डोक्याला मार असल्यामुळे सी.टी. स्कॅन केला, भोवळ लिहिलेली असल्यामुळे ई.सी.जी. काढला, आणि पहाटे दोन वाजता आम्ही घरी आलो.

रुग्णालयात दाखल करून घेतलेले नसल्यामुळे कॅशलेस सुविधा मिळाली नाही. आमच्या पॉलिसीत ती भरती झालेल्या रुग्णालाच होती. बाह्यरुग्ण म्हणून झालेला खर्च आधी स्वतः करायचा आणि नंतर मागायचा होता. तेव्हा जावयाने पैसे भरले. अमेरिकेत एका भेटीचे एकच बिल येत नाही हेही तेव्हा कळले. रुग्णालयाचे ४,१८० डॉलरचे बिल तीन आठवड्यांनी आले. आपत्कालीन विभागातील डॉक्टरांचे १,२६० डॉलरचे बिल वेगळ्या पाकिटातून आले, कारण ते डॉक्टर रुग्णालयाचे नोकर नव्हते, वेगळ्या गटाचे होते. क्ष-किरण आणि स्कॅनची चित्रे वाचणाऱ्या तज्ज्ञांचे २१० डॉलर आणि नंतर दोनदा दाखवलेल्या अस्थिरोगतज्ज्ञांचे ६४० डॉलर तिसऱ्या-चौथ्या पाकिटांतून आले. एकूण ६,२९० डॉलर. शेवटचे पाकीट आम्ही नाशिकला परतल्यावर मुलीच्या दारात पडले. विमा कंपनीला प्रत्येक बिलाची तपशीलवार प्रत लागते, रुग्णालय आधी पाठवते तो केवळ गोषवारा असतो, म्हणून फोन करून तपशीलवार प्रत मागून घ्यावी लागते. हे आम्हांला दुसऱ्या स्मरणपत्रानंतर समजले आणि त्यात तीन आठवडे गेले.

कंपनीने प्रथम नाशिकच्या डॉक्टरांचे रक्तदाबाचे जुने कागद मागवले. ते दिले. शेवटचा कागद दिल्यापासून ५२ दिवसांनी निर्णय आला. मनगटाचा सर्व खर्च मान्य केला होता, पण सी.टी. स्कॅनचे १,६४० डॉलर, तो वाचण्याचे १४८ डॉलर आणि ई.सी.जी.चे ३१० डॉलर, असे २,०९८ डॉलर नाकारले होते. कारण दिले होते की, या तपासण्या भोवळीसाठी होत्या आणि भोवळ ही आधीपासूनच्या आजाराशी संबंधित आहे. उरलेल्या रकमेतून पॉलिसीप्रमाणे १०० डॉलरची वजावट, म्हणजे आपण स्वतः सोसायची रक्कम, कमी करून ४,०९२ डॉलर मंजूर झाले.

आधीपासूनचा आजार हे भारतीय प्रवास विम्यातील सर्वांत महत्त्वाचे वगळलेले प्रकरण आहे. पॉलिसी घेण्यापूर्वी जो आजार माहीत होता, ज्याची औषधे चालू होती, त्याच्यामुळे उद्भवलेला खर्च साधारणपणे मिळत नाही. काही योजनांमध्ये जीवावर बेतलेल्या प्रसंगापुरती थोडी रक्कम दिलेली असते, ती एकूण संरक्षणापेक्षा फारच कमी असते. साठीच्या पुढच्या माणसाला रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड यांपैकी काहीतरी असतेच, त्यामुळे ज्या वयोगटाला हा विमा सर्वांत जास्त लागतो, त्याच वयोगटासाठी हे कलम सर्वांत जास्त वेळा आडवे येते. हप्ता मात्र त्याच वयोगटाचा सर्वांत जास्त असतो. मला हे अन्यायाचे वाटते आणि ते मी कंपनीला लेखी कळवलेही आहे, परंतु ते कलम सहीपूर्वी माझ्यासमोर होते हेही मला मान्य केले पाहिजे.

नाकारण्याचे कारण मात्र मला तर्काला धरून वाटले नाही. पत्नी रक्तदाबाने भोवळ येऊन पडली असे कंपनीचे म्हणणे असेल, तर मनगटही त्याच पडण्यात मोडले, मग त्याचे पैसे कसे दिले? आणि मनगटाचा अपघात मान्य असेल, तर त्याच क्षणी कठड्यावर आपटलेल्या डोक्याचा स्कॅन वेगळा कसा? एवढाच मुद्दा मांडून मी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांना दीड पानाचे पत्र लिहिले. सोबत अस्थिरोगतज्ज्ञांची टिपणे जोडली. दुसऱ्या भेटीत पत्नीने मुलीकरवी सविस्तर सांगितल्यामुळे त्यांत ‘ओल्या पायरीवरून घसरून पडल्या, डोक्याला मार’ असे स्वच्छ लिहिलेले होते. प्रस्ताव अर्जाची प्रतही जोडली, ज्यात रक्तदाब स्पष्ट लिहिलेला होता, म्हणजे आम्ही काही लपवले आहे असे म्हणण्याला वाव नव्हता. बारा दिवसांत उत्तर आले. सी.टी. स्कॅन आणि तो वाचण्याचे शुल्क मिळून १,७८८ डॉलर मंजूर झाले, ई.सी.जी.चे ३१० डॉलर नाकारलेलेच राहिले. अखेर ६,२९० पैकी ५,८८० डॉलर हाती आले, तेही रुपयांत आणि अपघाताच्या दिवशीच्या दराने. या पत्राने प्रश्न सुटला नसता तर पुढची पायरी विमा लोकपालांची होती. कंपनीने तक्रार फेटाळली किंवा महिनाभरात उत्तर दिले नाही तर त्यांच्याकडे जाता येते, शुल्क लागत नाही, वकीलही लागत नाही, आणि पुण्यात त्यांचे कार्यालय आहे. विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते.

मुलीला त्या चुकलेल्या वाक्याचे फार वाईट वाटले. तिला मी सांगितले की, आई कण्हत असताना भाषांतर करणे हे लेकीचे काम नव्हेच. तेथील केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या अमेरिकी रुग्णालयांना इंग्रजी न येणाऱ्या रुग्णासाठी दुभाषी विनामूल्य द्यावा लागतो, तो फोनवर किंवा पडद्यावर येतो, आणि मागितला की मिळतो. हे आम्हांला कोणी सांगितले असते तर पत्नी स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या क्रमाने बोलली असती. डॉक्टरांपासून काहीही लपवू नये, भोवळ आली असेल तर भोवळ आली असेच सांगावे. पण आधी काय झाले आणि नंतर काय झाले, हे नीट सांगावे आणि घरी येण्यापूर्वी नोंद वाचून घ्यावी. नोंदीत चूक असेल तर ती दुरुस्त करण्याची लेखी मागणी करण्याचा हक्क तेथील कायद्याने रुग्णाला दिलेला आहे.

जावयाचे म्हणणे होते की, भारतातून विमा आणण्याऐवजी तेथील कंपनीचा पाहुण्यांसाठीचा विमा घ्यायला हवा होता. या वेळी मी दोन्ही प्रकार शेजारी ठेवून वाचले. तेथील स्वस्त योजनांत प्रत्येक तपासणीला, प्रत्येक भेटीला ठरावीक रक्कम मिळते आणि वरचा सगळा भार आपल्यावर येतो. त्या मला आमच्याकडच्या उपमर्यादांच्या योजनांहून वेगळ्या वाटल्या नाहीत. महागड्या, सर्वसमावेशक योजनांत मात्र वजावटीनंतर बहुतांश खर्च मिळतो, रुग्णालयांचे जाळे मोठे असते आणि बऱ्याचदा बिल थेट विमा कंपनीकडे जाते. त्यांत एक वेगळे कलमही असते, आधीच्या आजाराचा अचानक उद्भवलेला तीव्र झटका आला तर तो खर्च मर्यादेपर्यंत मिळतो. मात्र उपचार ठरलेल्या वेळेत, साधारणतः चोवीस तासांत, सुरू व्हावे लागतात, आणि अनेक योजनांत हा लाभ सत्तरीनंतर बंद होतो किंवा फार कमी होतो. रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्या, सत्तरीच्या आतल्या आईवडिलांसाठी हा दुसरा प्रकार मला अधिक योग्य वाटतो. धडधाकट माणसासाठी आणि दोन-तीन आठवड्यांच्या सहलीसाठी भारतीय पॉलिसी पुरेशी आहे, शिवाय तक्रार मराठीतून कोणाला तरी समजावता येते, पुण्याच्या लोकपालांपर्यंत जाता येते, हा तिचा मोठा फायदा आहे.

युरोपला सहलीबरोबर जाणाऱ्यांची गोष्ट थोडी निराळी. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचे वैद्यकीय संरक्षण, आणि आजारपण किंवा मृत्यू ओढवल्यास मायदेशी परत आणण्याचा खर्च, हे २००९ च्या व्हिसा नियमावलीनेच सक्तीचे केले आहे. त्यामुळे विमा हा व्हिसाच्या फायलीतला आणखी एक कागद होऊन बसतो आणि सहल कंपनी देईल तो न वाचता घेतला जातो. ३०,००० युरो ही व्हिसासाठीची किमान अट आहे, ती आपल्या प्रकृतीकडे पाहून ठरवलेली नाही. ओळखीच्या दोन जोडप्यांना मी त्यांच्या पॉलिसीतील वगळलेल्या बाबींचे पान काढायला लावले, तेव्हा दोघांच्याही घरी ते पान पहिल्यांदाच वाचले गेले.

गुणांविषयी बोलायचे तर मदत फोन आणि सामानाचा दावा उत्तम, तक्रार निवारण चांगले, दाव्याची छाननी मात्र संथ आणि पहिल्या निर्णयात निष्काळजी. एकंदर पाचपैकी साडेतीन. पैसे वेळेत हवे असतील तर कागद एकेक करून पाठवू नयेत. मी तसे पाठवले आणि प्रत्येक कागदानंतर त्यांची मुदत नव्याने सुरू झाली.

पुढच्या मे महिन्यात नातवाच्या मुंजीसाठी पुन्हा न्यू जर्सीला जायचे आहे. या वेळी मी याच कंपनीला आणि तेथील एका कंपनीला एकच प्रश्न ई-मेलने विचारला आहे: रक्तदाबाची गोळी घेणारी ६४ वर्षांची स्त्री घरात पडली आणि डॉक्टरांनी डोक्याचा स्कॅन आणि ई.सी.जी. दोन्ही करायला सांगितले, तर त्यांपैकी काय द्याल? एका कंपनीचे उत्तर फोनवर आले. ते मी लेखी मागितले आहे, आणि ते येईपर्यंत हप्ता भरणार नाही.